दुसऱ्या वहीतली हुआना

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. उरिबे मंडळी ना नदी होती ना ऋषी, तरी मुळासाठी त्यांचा जीव कासावीस. डॉन मार्तिन दे उरिबे हा आपला मूळ पुरुष स्पेनमधल्या बिस्कायाहून जहाजाने आला, हे सान हेरोनिमोत त्यांनी इतक्यांदा सांगितले होते, की गावातल्या कुत्र्यांनाही ते पाठ असावे. जेवणघरात कुलचिन्ह टांगले होते, त्यावर एक झाड आणि दोन लांडगे. लांडगे बकऱ्यांसारखे दिसत, पण तसे बोलायची सोय नव्हती.

अशा घरात कासिल्दा काळी जन्मली. चार गोऱ्या भावंडांनंतर पाचवी ही. पाळण्यात डोकावून ब्रिहिदा आत्याने कासिल्दाच्या आईला, हेर्लिंदाला, सगळ्यांदेखत विचारले होते, "ही कुठून आणलीस गं?" हेर्लिंदाच्या नवऱ्याने तेव्हा बहिणीला एका शब्दाने अडवले नाही, आणि मरेपर्यंत त्या विषयावर तोंड उघडले नाही. त्या न बोलण्यानेच हेर्लिंदाचे वाटोळे केले. गेली एकसष्ट वर्षे घराण्याच्या दर मेळाव्याच्या फोटोत मायलेकी मागच्या रांगेत, आणि कुणी ना कुणी गालात हसतच असे.

म्हणून थोरल्या भावाने, एवारिस्तोने, कुळाचे कागद शोधायचे काम कासिल्दाला दिले, तेव्हा तिला मनातून हसूच आले. पण गावात जुने अक्षर वाचणारी ती एकटी निवृत्त मास्तरीण. घराच्या दारावर संगमरवरी पाटी बसवायची होती, बिस्कायापासून एवारिस्तोपर्यंतच्या नावांची, आणि प्रत्येक नावाला चर्चचा कागद हवा होता.

सगळे मिळाले, एक सोडून. होसे आंतोनियो उरिबे. त्याचे लग्न तीन दिवसांच्या वाटेवरच्या परगावात १७९४ साली लागले होते. नोंदीत लिहिले होते: स्पॅनिश, जन्म सान हेरोनिमो. पण सान हेरोनिमोत त्याचा बाप्तिस्मा सापडत नव्हता. आधीच्या तीन उरिबेंनी स्पॅनिश लोकांची वही पालथी घातली आणि शेवटी ठरवले, की ते पान उंदरांनी खाल्ले.

त्या काळी चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दोन वह्या असत. एक स्पॅनिश लोकांची, दुसरी उरलेल्या सगळ्यांची, म्हणजे इथले मूळ रहिवासी असलेले इंडियन, काळे, मिसळलेले. ती दुसरी वही त्याच कपाटात, त्याच फळीवर होती. पण उरिबे असून ती कोण उघडणार?

मार्चमध्ये कासिल्दाने उघडली. दुपारपर्यंत तिला नोंद सापडली. "होसे आंतोनियो, मुलाटो (म्हणजे गोऱ्या-काळ्या रक्ताचा), गुलाम. आई हुआना हेर्त्रुदिस, डॉन मार्तिन दे उरिबे यांची गुलाम. बाप अज्ञात."

लग्नाच्या नोंदीतही आईचे नाव हुआना हेर्त्रुदिसच होते. पोराने जात खोटी सांगितली, पण आईचे नाव बदलले नाही. उलट त्या नावाआधी 'बाईसाहेब' लावले. कासिल्दा इतकी मोठ्याने हसली, की चर्चच्या कार्यालयातल्या बाईने चष्म्यावरून पाहिले. शाब्बास रे पठ्ठ्या! तीन दिवस चालत गेलास, पाद्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवलास आणि गोरा होऊन आलास. मग तिला राग आला, आणि तो राग उतरेना. बाप मार्तिन असेल, नसेलही. आडनाव मात्र गुरांना डाग देतात तसे दिलेले होते. होसे आंतोनियोची सूनही त्याच दुसऱ्या वहीत निघाली. म्हणजे काळा रंग उरिबेंच्याच घरचा होता. आई एकसष्ट वर्षे फुकट जळली.

मेळाव्याच्या सकाळी अंगणात बकऱ्याच्या रश्श्याची, बिर्रियाची, भांडी चढली होती. एवारिस्तोने त्या नोंदीच्या नकलेचा कागद वाचला आणि दार लावून घेतले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कासिल्दा. हे फाडून टाक."

"फाडते. वही चर्चमध्येच आहे."

"बाप होसे आंतोनियोचा डॉन मार्तिनच असणार. तेवढंच लिहू. त्या बाईचं नाव कशाला?"

"आईशिवाय पडला होय रे तो, आभाळातून?"

"लोक काय म्हणतील? ऐंशी माणसं यायचीत!"

"लोकांनी आपल्या आईला काय काय म्हटलं, तेव्हा कुठं होतास?"

एवारिस्तो लालबुंद झाला. "हे मेळाव्यात सगळ्यांसमोर वाचलंस तर या घरात परत पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवतो."

"बरं झालं, सकाळीच सांगितलंस. चपला हाताशी ठेवते," कासिल्दा म्हणाली. पण खोलीबाहेर आल्यावर ती उंबऱ्याशी थबकली. याच घरात तिचा जन्म झाला होता, याच घरात तिची आई राहत होती.

उरिबेंची रीत अशी, की जेवणाआधी मेलेल्यांची नावे वाचायची आणि प्रत्येक नावाला घरातल्या एका जन्माच्या उरिबेने उठून "हजर!" म्हणायचे. सुना गप्प बसायच्या. कासिल्दा वाचू लागली. डॉन मार्तिनला चौघे उठले. प्रत्येकाला तोच हवा होता.

मग ती म्हणाली, "हुआना हेर्त्रुदिस. डॉन मार्तिनची गुलाम. होसे आंतोनियोची आई. आपल्या सगळ्यांची आई."

 कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"पुढचं वाच," एवारिस्तो दात आवळून म्हणाला.

"हिच्यासाठी कुणी उठलं की वाचते."

कुणी उठेना. कासिल्दाने स्वतः तोंड उघडले, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. शहाऐंशी वर्षांची हेर्लिंदा काठी टेकत उठली. ती चालत पहिल्या रांगेपर्यंत आली, नणंदेच्या पुढ्यात थांबली.

"हजर," ती म्हणाली.

ब्रिहिदाने पंखा हलवायचा थांबवला. "तुला हक्क नाही, हेर्लिंदा. तू कुठं जन्माची उरिबे?"

"तीही नव्हती. तिला हे नाव चिकटवलं तसं मलाही. पोरं तिनं काढली, मी काढली, आणि मिरवलंत तुम्ही." हेर्लिंदाचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "एवारिस्तो, माझ्या लेकीला घराबाहेर काढायचं असेल तर माझीही पेटी भर. आणि ब्रिहिदा, तू माझी माफी माग. इथंच. तोवर भांड्यावरचं झाकण कुणी उचलायचं नाही."

स्वयंपाकणीने पळी बाजूला ठेवली. एवारिस्तो पायाकडे बघत राहिला. ऐंशी माणसे भुकेली होती, तरी कुणी हलले नाही. कासिल्दा आईला धरायला पुढे झाली, तर आईने तिचा हात झटकला.

ब्रिहिदाने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. तिच्या बाजूने कुणीच बोलेना. शेवटी मान खाली घालून ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," हेर्लिंदा म्हणाली. "मोठ्यानं."