लुटुपुटूच्या पिना

फाईल उघडली तर बाईंचं नाव त्यात नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रोग्रामच्या डोक्यावर त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या : नाव, तारीख आणि खाली दोन ओळींची सूचना. त्या चारही ओळी गायब होत्या. त्यांच्या जागी चार ओळी भरून विभागप्रमुखांचं नाव होतं, पुढेमागे पदव्या लावून.

“काय झालं?” शिडीवर उभं राहून कारखान्याच्या भिंतीवरचा दिवा घट्ट बसवणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या स्टोअरकीपरने विचारलं.

“काही नाही. माझी तीन वर्षं कुणीतरी पुसून टाकलीत.”

“कुणीतरी कशाला? फीतकापे सर परवा येऊन गेले की इथं, पेनड्राइव्ह घेऊन.”

विभागप्रमुखांना सगळं तंत्रनिकेतन पाठीमागे फीतकापेच म्हणायचं. काम कुणीही करो, फीत कापायला हे कात्रीसकट हजर. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर त्यांनीच. बाई त्यांच्या हाताखाली इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये बावीस वर्षं होत्या, आणि बावीस वर्षं त्यांनी हे हसून सोडून दिलं होतं. पण हे काम सोडून देण्यातलं नव्हतं.

हा कारखाना शिवणकामाचा होता. चाळीस बायका इथे इस्पितळांच्या चादरी शिवायच्या आणि चाळिसांतल्या एकीलाही ऐकू येत नव्हतं. घंटेचा उपयोग नाही, म्हणून जेवणाची सुट्टी झाली की संचालिका एकेकीच्या खांद्याला हात लावत फिरायच्या. तीन वर्षांपूर्वी इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला. बायका एकमेकींना ओढत बाहेर पळाल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेली बाईंची धाकटी बहीण मात्र शिवतच राहिली. बाहेर डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या भुवया जळालेल्या होत्या.

त्याच आठवड्यात बाईंनी काम सुरू केलं. चारही भिंतींवर तीन-तीन दिवे : हिरवा कामाचा, पिवळा सुट्टीचा, लाल बाहेर पळण्याचा. कोपऱ्यातल्या हाताएवढ्या कॉम्प्युटरच्या पिनांना त्यांच्या वायरी जोडलेल्या आणि तो चालवायला पायथनमधला हा प्रोग्राम. त्या कॉम्प्युटरमध्ये अशी सोय होती की वरची एक ओळ बदलली की खालचा प्रोग्राम तसाच राहायचा, पण पिना बदलायच्या. एक ओळ लिहिली तर खऱ्या पिना. दुसरी लिहिली तर नेटवर्कवरून शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पिना. आणि तिसरी लिहिली तर नुसत्या लुटुपुटूच्या. दिवा नाही, वायर नाही, तरी पडद्यावर ‘दिवा चालू’. घरी स्वयंपाक आटपून बसल्यावर बाईंकडे कुठले बारा दिवे? त्या लुटुपुटूच्या पिनांवरच प्रोग्राम तपासायच्या.

फीतकाप्यांनी बाईंच्या रजेत त्यांचा लॅबमधला खण उघडून पेनड्राइव्हवरची नेमकी ती घरची प्रत उचलली होती. तिच्यावरची सूचना अशी होती : ‘ही घरची प्रत. पिना खोट्या आहेत. कारखान्यात बसवताना सातवी ओळ बदलावी.’ बाईंचं नाव पुसण्याच्या घाईत फीतकाप्यांनी सूचनाही पुसली होती, आणि ती प्रत आणून इथल्या चांगल्या प्रतीवर चढवली होती.

“केबिनमध्ये सगळ्यांना दाखवत होते,” स्टोअरकीपर म्हणाला. “म्हणे, वायर नाही, दिवा नाही, तरी चालतंय बघा!”

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग टाका की बदलून. अर्ध्या मिनिटाचं काम.”

“उद्घाटनाच्या निमंत्रणावर माझं नाव का नाही, असं विचारलं होतं मी त्यांना. काय म्हणाले ठाऊक आहे? ‘बाई, तुम्ही वायरी जोडल्यात. वायरी जोडणाऱ्याचं नाव छापतात का कुठे?’” बाईंनी फाईल बंद केली. “उद्या दुपारी उद्घाटन आहे ना? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. उद्या दाबू.”

तेवढ्यात धाकटी आली. तिने बाईंचा हात ओढला आणि खुणांनी विचारलं, “ताई, आत्ता एकदा लावून दाखव ना.”

“उद्या.”

“सगळे? लालपण?”

“लालपण.”

धाकटी खूश झाली. आगीनंतर तीन वर्षं ती दाराकडे तोंड करूनच बसत होती. तिने दोघींना मदतीला घेतलं, मशीन उचललं आणि आपल्या जुन्या जागी, भिंतीकडे, समोर लाल दिवा येईल असं वळवून ठेवलं. बाईंनी पाहिलं आणि त्या पिशवी उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. फीतकाप्यांनी फीत कापली, ‘माझी संकल्पना’ असं पाच वेळा म्हटलं आणि हिरवं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : ‘हिरवा दिवा चालू’. भिंती तशाच. पिवळं दाबलं. लाल दाबलं. पडदा म्हणत होता सगळे चालू, भिंतीवर मात्र अंधार. टाळ्यांऐवजी हात हवेत हलवायची त्या बायकांची रीत. चाळीस जणी हात अर्धवट उचलून वाट पाहत राहिल्या. पाहुण्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं.

“बाई, वायरी सुटल्यात का बघा जरा,” फीतकापे घाम पुसत म्हणाले.

“वायरी ठीक आहेत, सर. मी फक्त वायरीच तर जोडल्यात. प्रोग्राम तुमचा आहे. त्यातली सातवी ओळ काय करते, ते सांगता?”

फीतकाप्यांनी सातवी ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाईंनी घाई केली नाही. बावीस वर्षं थांबल्या होत्या, अजून अर्धं मिनिट थांबायला त्यांचं काही जात नव्हतं.

“हा प्रोग्राम लिहिलाय कुणी?” संचालिकांनी विचारलं.

“बाईंनी,” फीतकापे पुटपुटले.

“जरा मोठ्याने सांगा, सर,” बाई म्हणाल्या. “आणि संचालिकाबाई, तुम्ही खुणांनी सांगा. इथे चाळीस जणींना ऐकू येत नाही.”

फीतकाप्यांनी सगळं वाक्य पुन्हा म्हटलं आणि संचालिकांच्या हातांनी ते चाळीस जणींपर्यंत पोचलं. बाईंचा जीव थंड झाला. त्या खुर्चीत बसल्या, सातवी ओळ बदलली, बटण दाबलं. चारही भिंतींवर हिरवे दिवे लागले. सगळ्या खोलीत हातच हात हलू लागले.

धाकटीचे हात मांडीवर होते.

बाई तिच्यापाशी गेल्या. धाकटी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणापासून तिला त्यांचा चेहरा वाचता येत असे. तिने सावकाश खूण केली. “तुला काल माहीत होतं.”

खोटं बोलता आलं असतं. बाईंनी होकाराची मान हलवली.

“सकाळपासून मी भिंतीकडे तोंड करून शिवतेय. आग लागली असती तर लालपण लागला नसता?”

“लालपण,” बाईंच्या हातांनी उत्तर दिलं.

फीतकाप्यांबद्दल बाईंना काडीचंही वाईट वाटत नव्हतं, पुढेही कधी वाटलं नाही. ते मागच्या दाराने निघून गेले तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुणे बाईंचं अभिनंदन करायला येत होते, नाव विचारत होते, कुणी ते लिहूनही घेतलं.

त्यांच्या पाठीमागे काहीतरी जड फरशीवर घासल्याचा आवाज आला. खोलीत तो ऐकू येणारी माणसं पाच-सातच होती. बाईंनी वळून पाहिलं. हिरव्या दिव्याखाली धाकटी एकटीच आपलं मशीन ओढत होती, दाराकडे. बाईंनी धावत जाऊन दुसरं टोक धरलं. धाकटीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि मशीन पुन्हा ओढू लागली.