काळ्या कोटातली बाई

मालिकेत खून पहिल्याच भागात झाला आणि त्यानंतर काहीच झालं नाही, असं काकांचं ठाम मत होतं. तलावाकाठचं एक गाव, तलावात सापडलेला शाळामास्तर, आणि तपासाला आलेली एक बाई, जी प्रश्न विचारण्यापेक्षा सफरचंदंच जास्त सोलते. दर रविवारी संध्याकाळी एक भाग. एकदा तर किटलीतलं पाणी उकळेपर्यंत कॅमेरा किटलीवरून हलला नव्हता.

"मी बस अशी चालवली असती ना," काका म्हणाले, "तर प्रवासी उतरून पायी पुढे गेले असते आणि पुढच्या थांब्यावर माझी वाट बघत बसले असते." काकांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता. निवृत्त झाल्यापासून बसल्या जागी झोपण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"तुम्ही झोपा," आत्या म्हणाली. "घोरलात तरी चालेल. फक्त मधेच दचकून 'कोण मेलं?' विचारू नका. तोच मेलाय, पहिल्या दिवसापासून."

या दोघांच्या मधे, खाली गादीवर, भाची बसलेली असायची. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली आणि ती या आत्या-काकांच्या घरी राहायला आली. दिवसभर काचेच्या नळ्या उजेडासमोर धरून पाण्याचा रंग तपासायचा, हे तिचं काम. ते ऐकल्यापासून आत्याने तिचं नाव 'नळी' ठेवलं होतं आणि ते आता शेजारपाजारीही पसरलं होतं.

या घरात मालिका बघण्याचा एक नियम होता. भाग संपला की टीव्ही लगेच बंद. मग प्रत्येकाने आपला संशय कुणावर आणि का, ते सांगायचं. कारण दिल्याशिवाय संशय घ्यायचा नाही. फोनमध्ये शोधायचं नाही. मालिका जुनी होती, शेवट जगाला माहीत होता, म्हणूनच आत्याने बजावून ठेवलं होतं, "शेवट फोडलास तर जीभ शिवून टाकीन, नळे. आणि टाका कुठे घातला ते कुणाला दिसणारही नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. आत्या रफूचं काम करायची. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून जळलेले, कसर लागलेले, खिळ्याला अडकून फाटलेले कपडे तिच्याकडे यायचे. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून ती धागे ओढून काढायची आणि एकेक आडवा, एकेक उभा असा विणत भोक बुजवायची. झाल्यावर गिऱ्हाईक कापड उजेडात धरून विचारायचं, "भोक नक्की कुठे होतं हो?" आत्याला पैशापेक्षा हा प्रश्न जास्त आवडायचा.

धमकी खरी असूनही नळीला राहवलं नाही. दुसऱ्याच रविवारी भांडी विसळता विसळता तिने फोनवर शेवट वाचून टाकला. खुनी नावाडी होता. झालं, कुतूहल संपलं, आता उरलेले भाग जांभया देत काढायचे, असं तिला वाटलं.

पण झालं भलतंच. उत्तर कळल्यावर तिला दुसराच प्रश्न पडला. इतकं हळू, इतकं शांत काहीतरी आत्या जीव मुठीत धरून कशी काय बघते? हिला यात काय दिसतं?

तिने विचारलंही. आत्याने थोडा विचार केला. "घाईच्या गोष्टीत मला फक्त शेवट कळतो गं. हे म्हणजे रफूसारखं आहे. नुसत्या भोकाकडे बघून रफू होत नाही. भोवतालचं कापड बघावं लागतं. वीण कुठे सैल आहे, कुठे घट्ट, धागा कुठून तुटायला लागला. तो मास्तर मेला, ते भोक. ही सफरचंदवाली गाव बघत बसते, ते कापड."

"आणि किटली?"

"किटली उकळते तोवर ती गावातली नर्स किती वेळ उत्तर देत नाही, ते दाखवायचं असतं. तू किटली बघत बसलीस होय?"

नळी खरंच किटलीच बघत होती.

अशात एके दिवशी दुकानाचा मालक स्वतः घरी आला. एरवी तो कपडे पाठवून द्यायचा. त्याच्या हातात आत्याने रफू केलेला एक लोकरी कोट होता. या कोटाच्या शिवणीत धागाच शिल्लक नव्हता, म्हणून आत्याने आपल्या डब्यातला धागा वापरला होता. मालकाने बाही उलगडून दाखवली. गर्द निळ्या कापडावर काळ्या धाग्याचा चौकोन, माशाच्या पाठीवरच्या डागासारखा स्पष्ट.

"ताई, पहिल्यांदा झालं म्हणून बोललो नव्हतो. हे दुसऱ्यांदा आहे." मालक अवघडून उभा होता. "गिऱ्हाईक ओरडतं ते माझ्यावर. हा उसवून नीट करून द्या. जमला तर उत्तमच. नाहीतर... पलीकडच्या गल्लीत एक जण मशीनने करतो. मला तुमच्या कामाची सफाई माहीत आहे, पण मी तरी काय करू?"

"धाग्यात खोट होती," आत्या म्हणाली. "आणि त्या दिवशी उजेड मेला होता."

मालक गेल्यावर ती बराच वेळ बाही हातात घेऊन बसली. त्या रात्री ती अर्ध्या ताटावरून उठली. काकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, हे नळीला विचित्र वाटलं. काका एरवी मीठ कमी पडलं तरी चौकशी समिती नेमायचे.

रविवार आला. मालिकेचा शेवटून दुसरा भाग. टीव्ही बंद झाला, काका घोरत होते, आणि आत्याने आपला संशय मांडला.

"खुनी ती काळ्या कोटातली बाई. मास्तरच्या घरी फुलं घेऊन येते ती, आणि रात्री धक्क्यावर दिसते ती. रडते एकीकडे, होडी सोडते दुसरीकडे. तिचं दोन तोंडांचं वागणं तुझ्या लक्षात आलं नाही?"

नळीने मनात भाग पुन्हा आठवून पाहिला. फुलं आणणारी होती मास्तरची बहीण. तिचा कोट काळा. धक्क्यावर दिसते ती नर्स. तिचा कोट निळा. दोघी बांध्याने सारख्या होत्या, केस दोघींचे बांधलेले, आणि दिग्दर्शकाला माणसं पाठमोरी दाखवायची इतकी हौस की दोघींच्या तोंडी मिळून चार वाक्यं आली नव्हती. पण त्या दोघी होत्या. आत्याने दोन बायकांची एक बाई केली होती.

आणि त्या एका बाईवर रचलेला तर्क इतका घट्ट होता की त्यात सुई शिरली नसती. बाई घाईत का होती, तिचे बूट ओले का होते, फुलं शिळी का होती, सगळ्याला आत्याकडे कारण होतं. नळीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की हा खून मूळ लेखकाच्या खुनापेक्षा सरस होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती नेहमीसारखी नळ्या उजेडात धरून बसली. स्वच्छ पाणी एका नळीत पिवळसर दिसलं. तिने पाणी बदललं नाही, नळी बदलली. जुन्या नळीची काच वापरून पिवळी पडली होती. तिथली ही पहिलीच शिकवण होती. हिशेबात न बसणारं काही दिसलं तर पाण्याला दोष देण्याआधी ज्यातून बघतोय ते तपासा.

ती तशीच नळी हातात धरून थांबली.

शिळी फुलं जिच्या नजरेतून सुटत नाहीत, त्या आत्याची बुद्धी चुकली नव्हती. मग ती ज्यातून बघत होती ते? मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ होतं, पिवळं पडतं, आणि पिवळं भिंग निळा उजेड अडवून धरतं. मग गर्द निळा काळ्यासारखा दिसतो. कोटावरचा तो चौकोन. टीव्हीजवळ सरकवलेली आत्याची खुर्ची, पाठ आखडते या सबबीखाली. आणि काका. काका रोज सकाळी चहा झाला की सुया ओवून रफूच्या छोट्या उशीत ओळीने खोचून ठेवायचे. नळी त्याला आजवर संसारातलं प्रेम समजत आली होती. तेही असेलच म्हणा, पण निव्वळ तेवढंच नव्हतं.

म्हणजे काकांना माहीत होतं.

घरी येताना तिने मनात भाषण तयार केलं. भिंग, उजेड, रंग, सगळं मुद्देसूद. पण दारात चपला काढताना तिला आत्या दिसली. खिडकीशी तो निळा कोट मांडीवर, समोर धाग्यांचा डबा उघडा, आणि हात थांबलेले. नळीला एकाएकी सफरचंदवाली आठवली. ती कुणाला कधी 'तू खोटं बोललास' म्हणत नव्हती. ती नुसती बसायची, आणि समोरच्याला ते बसणं पेलवेनासं व्हायचं.

नळी हात धुऊन आत्यासमोर जमिनीवर बसली. काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"काही नाही."

"मग अशी का बसलीस? काय विचारायचंय ते विचार."

"मला कुठे काय विचारायचंय?"

आत्याने कोट झटकला. पुन्हा मांडीवर घेतला. डब्यातली दोन रिळं उचलली, एक खाली ठेवलं, परत उचललं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारी कुकरची शिट्टी झाली. नळीच्या जिभेवर सगळं भाषण येऊन उभं होतं, आणि ते गिळून गप्प बसणं फार अवघड होतं. मालिकेत ते किती सोपं वाटायचं!

शेवटी आत्याने दोन्ही हात पुढे केले. प्रत्येक तळव्यावर एकेक रीळ.

"यातलं निळं कुठलं?" तिने विचारलं.

नळीने डाव्या हाताला बोट लावलं.

"मी दोनदा सांगितलं होतं डॉक्टरकडे चल म्हणून," काका डोळे न उघडता म्हणाले.

"तुम्ही झोपा!" आत्या ओरडली. मग ती नळीकडे न बघता, कोटाशी बोलावं तशी बोलली. "माझ्या आईचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सोडली तर बाहेरही पट्टीच्या आतलाच अंधार. त्यानंतर ती जगली ती भिंतीला हात लावत. मला आता धूसर तरी दिसतंय. तेही गेलं तर मी कोण? आणि दुकानवाला किती दिवस थांबेल?"

आजकाल तसं होत नाही, असं नळी म्हणू शकली असती. पण तिला आकडे माहीत नव्हते, आणि माहीत नसलेलं ठासून सांगायची तिला सवय नव्हती.

"उद्या नुसतं दाखवून येऊ," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. तिथे कारण विचारायचं, इथल्यासारखंच. पटलं नाही तर परत येऊ."

"आणि हा कोट?"

"रंग मी सांगते. सुया काका ओवतात. वीण तुझी."

त्या संध्याकाळी तिघं मिळून एका बाहीवर वाकली. रंग कळल्यावर आत्याची बोटं कुठेच अडखळली नाहीत. धागे ती डोळ्यांपेक्षा नखानेच जास्त मोजत होती. कोट परत गेला तेव्हा मालकाने बाही उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "भोक नक्की कुठे होतं हो?" तोवर डॉक्टरांना दाखवून झालं होतं आणि आत्याला पटलंही होतं, म्हणून तिने त्याला सांगून टाकलं की डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचंय, काही दिवस काम बंद. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पलीकडच्या गल्लीतल्या मशीनला दोन शिव्या हासडल्या, आणि थांबेन म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना आत्याने इतकी कारणं विचारली होती की त्या शेवटी हसायला लागल्या होत्या. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. या गडबडीत मालिकेचा शेवटचा भाग बघायचा राहून गेला. नळीने तो सांगायचा म्हटलं तर आत्याने कानात बोटं घातली. "जीभ शिवायला मला आता तुमची कुणाची मदत लागायची नाही, लक्षात ठेव."

डॉक्टरीणबाईंनी टीव्हीला परवानगी दिली तेव्हा आत्याने सगळी मालिका पहिल्यापासून लावायला सांगितली. खुर्ची मागे, आपल्या जुन्या जागी नेली. तलाव आला, मास्तर आला, फुलं घेऊन बहीण आली. थोड्या वेळाने धक्क्यावर नर्स उभी राहिली.

"थांबव," आत्या म्हणाली.

नळीने चित्र थांबवलं.

"अगं, हिचा कोट निळा आहे." आत्या पुढे वाकली. "म्हणजे या दोघी आहेत?"

"दोघी."

"आणि तू मला इतके आठवडे बोलू दिलंस?"

"तुझा खून जास्त चांगला होता, आत्या."

"होताच मुळी." आत्याने पदर सावरला, जणू भर कचेरीत उभी आहे. "बरं. माझा सगळा संशय मी मागे घेते. नव्याने सुरुवात. कुणी मधे बोलायचं नाही."

सफरचंदवाली आली, टेबलाशी बसली, सुरी हातात घेतली. साल लांबच लांब सुटत होती आणि समोरचा नावाडी गप्प होता. नळी या वेळी सालीकडे न बघता नावाड्याकडे बघत होती. उत्तर ठाऊक असूनही तिला त्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसत होता, आणि हा असं का करेल, हे काही केल्या कळत नव्हतं.

"थांबव, थांबव!" आत्या उठून थेट टीव्हीपाशी गेली. सफरचंदवालीच्या बाहीवर, कोपराजवळ, तिने बोट टेकवलं.

काका दचकून जागे झाले. "कोण मेलं?"

"हे बघा, इथे रफू केलंय," आत्या म्हणाली. "आणि किती वाईट केलंय!"