सातवं तावदान

टेकडीवरच्या या बागेला दीडशे वर्षं झाली आणि तिच्या माथ्यावरच्या गोल पॅव्हेलियनला सत्तर. त्याला काचेची बारा सरकती तावदानं आहेत, प्रत्येकाच्या वर त्याचा आकडा. खालचा रूळ एका बाजूला खचलाय, म्हणून आधी सातवं ओढायचं, मग तिसरं, मग अकरावं. क्रम चुकला की सगळी अडकतात. हा क्रम वडिलांनी मला दिला आणि मी शहाण्याने कुणालाच दिला नाही. माझ्या जागी आलेल्या तीन राखणदारांना खुशाल चुकू दिलं. तिघेही परत गेले, मी राहिलो. काय हुशारी वाटली होती तेव्हा!

आता लेकीचं पहिलं बाळंतपण. तिला आई नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. सोमवारी ऑपरेशन. मी आठ दिवसांची रजा मागितली, तर साहेब म्हणाले, सोमवारीच बागेचा वर्धापनदिन, पॅव्हेलियन कोण उघडणार, रात्री कोण बंद करणार? दुसरं कुणी उघडून दाखवलं तर जा. न विचारता गेलात तर नोकरी विसरा.

मग माळीणबाईंच्या हातापाया पडलो. वीस वर्षं इथेच खुरपं चालवणारी बाई. दोन दिवसांत त्यांनी सगळं उचललं. शनिवारी बाराच्या बारा तावदानं लोण्यासारखी सरकवली. मी पिशवी भरली.

रविवारी साहेबांसमोर त्यांनी थेट पहिल्यालाच हात घातला. सगळं जाम. साहेब मान हलवून निघून गेले, आणि अडकलेलं सोडवायला अर्थात मीच.

माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकीचा तरी विचार करायचा होता, असं ओरडलो त्यांच्यावर. त्या हात पुसत हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला येतं. पण येतं हे त्यांना कळलं, तर मी इथून कधी सुटेन?"

मी भरलेली पिशवी परत खुंटीला टांगली.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, मला आत नेतायत. कुठवर आलात?"

निघालोच, म्हणालो. आणि ठरवलं, आज आपणही पहिलंच ओढायचं आणि सोडवायचं नाही. कार्यक्रम हिरवळीवर नेतील, मग मला धरून ठेवायला कारणच उरणार नाही. बाहेर साहेब पाहुण्यांसोबत उभे होते. तिरीमिरीत आत गेलो, दांडा धरला, ओढला.

तावदान अलगद बाजूला गेलं. बाहेर टाळ्या वाजल्या. मी वरचा आकडा बघितला. सात.