घंटीचा धसका

टेलिफोन ऑपरेटर म्हणून बाईंचा जन्म गेला, पण रोगाच्या साथीत त्यांनी घंटीचाच धसका घेतला. वाजली की कुणीतरी गेल्याची बातमी! धाकटा भाऊ गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी फोनची वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी दारावर थापा पडल्या. आता परगावच्या लेकीचंच काहीतरी! बाई कपाटाआड दडल्या.

“काकू, उघडा!” शेजारीण ओरडली. “फोन लागत नाही म्हणून तुमच्या लेकीनं रडून गोंधळ घातलाय!”

“म्हणजे... ती बरी आहे?”

“ठणठणीत आहे हो! तिला तुमचीच काळजी लागलीय.”

बाईंनी दार किलकिलं केलं. शेजारणीनं मोबाईल आत सरकवला.

“आई, बोल ना गं!”

बाईंनी मोबाईल कानाला लावला. त्या म्हणाल्या, “मला फार भीती वाटते गं.”

इतक्या महिन्यांत हे त्या पहिल्यांदाच कुणाशी बोलल्या.