पाचवा हात

जात्याचा खुंटा ओला होता, आणि अजूनही तिच्या तळव्यात बरोबर बसत होता... पुसायला चालतो, धरायला नाही. मालक गेल्यापासून चंद्राबाईचं असंच. उद्या नातीची, सायलीची हळद. आज पाच सवाष्णींनी मिळून हळकुंडं दळायची, आणि आपण कडेला बसून ओवी म्हणायची.

सवाष्णी चारच जमल्या. बाकीच्या टॉवरमध्ये राहायला गेल्या — माण गावातच, पण हाकेच्या पलीकडे.

सकाळी इंद्रजित म्हणाला होता, "आई, वरच्या खोलीवालीला खोली सोडाया तूच सांग. मी सभेत म्हनतोय बाहेरच्यांना हटवा, आन् माझ्याच माडीवर बिहारी? लोक हसत्याल."

तिनं सांगितलं. फूलमती एवढंच म्हणाली, "शादी के बाद जाऊ, आजी?" आणि आपल्या तोंडून आलं — न्हाई, आदीच.

बाहेरच्यांनी गाव नासवलं, असं सगळेच म्हणतात. आपणही मान डोलवत आलो. मग जमिनी कुणी विकल्या? मालकांनी सही केली तेव्हा पेढे आपणच वाटले की... आणि आपण तरी कुठल्या? ताम्हिणीहून या घरात आलो तेव्हा सासू म्हणायची, आली पावसातली बेडकी. आपली ओवी ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या — असले हेल आमच्यात न्हाईत. आता तीच ओवी इंद्रजितच्या सभेत कर्ण्यावर लागते, माणची परंपरा म्हणून.

जिन्यावर पावलं वाजली. भांगात लांब शेंदूर, हात नुकते धुतलेले — फूलमती. वर तिचं सामान अर्धं बांधून झालं असेल.

"चारच जणी? मैं बैठूँ?"

सून, कल्पना, सरकली. "बस बाई. दुपार व्हाया आली."

पाचवा हात खुंट्यावर आला. जातं घरघरू लागलं, हळदीचा उग्र वास उठला.

"आत्याबाई, म्हना की," कल्पना म्हणाली.

चंद्राबाईनं गळा मोकळा केला.

*परक्या उंबऱ्याला हळदीचं बोट लावू...*

पुढची ओळ — थारा दिला त्यानं, त्याचं गाणं गाऊ — जिभेवर होती. आयुष्यभर होती. फूलमतीनं मान वर केली. माडीवरून इतकी वर्षं ऐकलेलं, पुढचं तिलाही ठाऊक असावं. ती वाट बघत होती.

जातं फिरतच राहिलं. ती ओळ आपली होती, असं चंद्राबाईला आता वाटेना... कुणाच्या घरातून मागून आणलेली, आणि परत द्यायची राहून गेलेली, तशी ती तोंडात पडून राहिली.