उशीने धरलेला डूख

मी एक जुनी उशी आहे. मित्रांनो, उशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी मऊ, गरीब, मुकाट पडून राहणारं येत असेल. तसं समजू नका. मऊ मी आहे, गरीब मुळीच नाही. मी डूख धरते. पेणजवळच्या हमरापुरात मी एका बाईवर कसा सूड उगवला, ते आज तुम्हाला सांगणार आहे, आणि सांगताना मला लाज वाटणार नाही.

माझा जन्म जिते गावातला. तिथे ठमाबाईंच्या परसात सावरीचं मोठं झाड होतं. चैत्रात बोंडं फुटली की ठमाबाई कापूस वेचायच्या, सरक्या काढायच्या आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर जुनं लुगडं पसरून तो उन्हात तापवायच्या. त्यांची मुलगी विमल लग्न होऊन हमरापुरात जायची होती. तिच्यासाठी त्यांनी मला शिवलं. शिवण्याआधी तिला कुशीवर निजवलं आणि मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत सुतळीने माप घेतलं. डोकं टेकल्यावर तेवढीच उंची राहील, इतकाच कापूस माझ्यात भरला.

विमल म्हणाली, "आये, पावण्यांना देतात तशी उंच कर ना."

"पावना दोन दिस निजतो गो," ठमाबाई म्हणाल्या. "तुला जल्म काढायचा हाय."

हमरापुरात घरोघरी गणपती घडतात, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात थोडे. विमलचा हात त्यातला निघाला. गावातल्या एका कारखान्यात ती दिवसभर मान खाली घालून बसायची. एका हातात मूर्तीची हनुवटी, दुसऱ्या हातात चार केसांचा ब्रश. श्वास रोखून बुबुळाची काळी रेघ ओढायची, ती एकाच फटक्यात. कारखान्याचा मालक सुशील गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "आमच्या विमलमावशीचा हात हलत नाय." विमलची विमलबाई झाली, केस पिकले, तरी हात हलला नाही.

तो हात का हलत नव्हता, हे मात्र कोणी विचारलं नाही. दिवसभर वाकलेली मान मी रोज पाठीच्या कण्याच्या रेषेत आणून ठेवत होते. मानेतून हाताला जाणाऱ्या शिरा मी मोकळ्या ठेवत होते. शाबासकी हाताला, हार सुशीलच्या कारखान्याला, आणि मला काय, तर तेलाचे डाग.

आधी ती माझी काळजी घ्यायची. दोन-तीन वर्षांनी शिवण उसवून कापूस पिंजायची, नवा भरायची. ठमाबाई गेल्या, जित्याला जाणं सुटलं, आणि माझं पिंजणं-भरणंही सुटलं. खोटं कशाला बोलू, मी चपटी झाले होते. पण कोणामुळे?

यंदा शिमग्याला तिचा मुलगा हितेश घरी आला. हा रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जातो, तिथेच खोली घेऊन राहतो. आईची मान थोडी अवघडते, हे त्याने पाहिलं होतं. आला तो काखेत दोन गलेलठ्ठ पांढऱ्या उशा घेऊनच. मला दोन बोटांत धरून वर उचललं.

"आई, ही उशी हाय का पापड? मूर्ती आडवी करून बूड घासताना आपण मानेखाली किती जाड घालतो? नायतर तडा जातो. तुझी मान काय मातीपेक्षा कमी हाय?"

मूर्तींच्या गावात वाढलेल्या मुलाच्या डोक्यात दुसरं काय येणार? त्याने दोन्ही उशा एकावर एक रचून दिल्या. त्याचा मला राग आला, पण तो मी गिळला असता. विमलबाईने जे केलं ते मला गिळता आलं नाही. तिने नव्या उशांवर हात फिरवला, तोंडभर हसली, आणि मला उचलून, मूर्तींखाली घालायला जुन्या चिंध्या न्यायला आलेल्या सुशीलच्या माणसाच्या हातात दिलं. "घेऊन जा कारखान्यात. मूर्तीखाली लागंल."

माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. मित्रांनो, त्याच क्षणी मी मनात शाप दिला. हिची मान अशी आखडू दे की हिला माझी आठवण झाल्याशिवाय राहू नये.

कारखान्यात मला मूर्तींच्या मानेखाली सारायचे. मातीची भुकटी खोळीत गेली, रंग सांडून एक कोपरा कडक झाला. पडल्या पडल्या मी समोर आखणीला बसलेल्या विमलबाईकडे बघत राहायचे. पंधरा दिवसांत ती मान चोळायला लागली. महिन्याभरात मागून कोणी हाक मारली तर अख्खी वळायची. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. दोन उशांनी तिचं डोकं वर ढकललं होतं, हनुवटी छातीला टेकवली होती. दिवसभर खाली वाकलेली मान निजतानाही वाकलेलीच. मूर्तीला तडा एकदा जातो आणि दिसतो, माणसाच्या मानेचं तसं नसतं. हे मला ठाऊक होतं, आणि सांगायला मला तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं.

ज्येष्ठात तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ती हात झटकायची, पाण्यात बुडवायची, कोणाला कळू द्यायची नाही. आषाढ लागला, गिऱ्हाइकं मूर्ती बघायला येऊ लागली, आणि एका सकाळी तिचा ब्रश घसरला. बुबुळाची रेघ डोळ्याबाहेर गेली. तिने पुसून पुन्हा ओढली. पुन्हा गेली.

सुशील शेजारी उभा होता. माणूस वाईट नाही. हळूच म्हणाला, "मावशी, यंदा डोळं अनिताला करू दे. तू दागिनं रंगव. बसून आरामात."

अनिता त्याची बायको, तिचा हात बरा आहे. विमलबाईने ब्रश धुतला, पुसला आणि अनितापुढे ठेवला. मी हसत होते. तीस वर्षांची जागा एका वाक्यात गेली, तीही गोड बोलून. आता कळलं ना बाई, उचलून बाजूला ठेवणं म्हणजे काय? आता माझी आठवण येते का?

दुपारी सगळे जेवायला गेले. ती गेली नाही. कोपऱ्यात आली, मूर्तीखालून नुकतंच काढून ठेवलेल्या मला ओढलं, भुकटी झटकली आणि डाव्या कुशीवर आडवी झाली. ती रडत होती. मी ठरवलं, आता दगड व्हायचं. हिला टोचायचं, बोचायचं, आधार म्हणून द्यायचा नाही. पण सावरीच्या कापसाला दगड होता येत नाही. जो काही कापूस उरला होता, तो तिच्या मानेखालच्या पोकळीत सरकून बसला. सवय, दुसरं काय? अर्ध्या तासाने तिने बोटं उघडमिट करून पाहिली. मुंग्या कमी झाल्या होत्या. ती उठून बसली आणि मला मांडीवर घेऊन माझी जाडी बोटांनी चाचपू लागली.

दुसऱ्या दिवशी हितेशला बोलावून ती पेणला मानेचे व्यायाम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मला पिशवीत घालून नेलं होतं. हितेशने मूर्तीची गोष्ट सांगितली तेव्हा बाई हसल्या. मग विमलबाईला कुशीवर निजवून त्यांनी टेप लावला, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत.

"एवढीच जागा भरायची असते," त्या म्हणाल्या. "उंच झाली तर मान वर मोडते, चपटी झाली तर खाली. उताणं झोपणाऱ्याला याहून कमी लागते. पालथं तर झोपूच नका. आणि ही जुनी आता फारच बसली आहे, हीसुद्धा अशी चालणार नाही."

विमलबाई त्या टेपाकडे बघत होती. "माझ्या आयेनं सुतळीनं घेतलं होतं हेच माप," ती म्हणाली. "मीच इसरले."

हितेश मान खाली घालून म्हणाला, "आई, मला खरंच वाटलं, जाड म्हणजे बरं."

व्यायाम सुरू झाले. हात लगेच बरा झाला नाही. यंदा मोठ्या मूर्तींचे डोळे अनिताच करते आहे. लहान मूर्तींचे पुन्हा विमलबाईकडे आले आहेत, दिवसाला पाच-सहा, मध्ये मध्ये उठून.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी तरी दोन उशा रचून झोपत असेल. जाऊन बघा. उशी दुकानातल्या गुबगुबीतपणावर घेऊ नका, आपल्या खांद्याच्या मापाने घ्या, कारण तुमच्या भावाचं माप तुमचं नसतं. ती बसली की भरा, भरता येण्यासारखी नसेल तर बदला. आमचा सूड वाईट असतो. तो सावकाश येतो, आणि बहुतेक वेळा प्रेमाने आणलेल्या वस्तूच्या हाताने येतो.

राहता राहिली मी. एका रविवारी विमलबाईने ओट्यावर बसून माझी शिवण उसवली. कडक झालेला कोपरा कापला, माती झाडली, नव्या खोळीत जुना कापूस आणि वर नवा, असा मोजून भरला. शेवटचा टाका घालताना ती अगदी हळू म्हणाली, "चुकलं गो माझं."

एवढे महिने मी हेच ऐकायला टपले होते. आता उलटून बोलावं, चांगलं सुनवावं, असं मनात आलं. तेवढ्यात तिने मापाला बरोबर आहे का बघायला तिथेच ओट्यावर डोकं टेकलं. मी तिला माफ केलेलं नाही, अजूनही नाही. पण खरं सांगते, मला सूडबीड काही नको होता. मला ते डोकं परत हवं होतं.