चिमणाबाईची सही

"चिमणाबाई, अगं नुस्ती बघत काय हुबारलीस? पाटी आण की!"

तानाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या लुगड्याचा ओचा माशांनी भरला होता. तिच्या मागं सगळं गाव नदीत उतरलं होतं. कुणी घमेलं आणलं होतं, कुणी बादली, कुणी खताचं रिकामं पोतं. ज्यांच्या चुलीवर मासा चढत नव्हता ती माणसंही काठावर उभी राहून हसत होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंचगंगेचं पाणी काळ्या चहासारखं झालं होतं आणि त्याला आंबलेल्या गुळाचा वास मारत होता. त्या पाण्यावर मासे तोंड वर काढून आ करत होते. ज्यांना पकडायला चिमणाबाईच्या नवऱ्याला, ज्ञानूला, सगळी रात्र जाळं लावून बसावं लागायचं, ते कटले, शिंगटे आज पोरांच्याही हाताला लागत होते. चिखलात दडून राहणाऱ्या वामसुद्धा काठावर येऊन पडल्या होत्या.

चिमणाबाईनं पाटी आणली नाही. ती नवऱ्याकडं बघत होती.

ज्ञानू भोई आपल्या उलट्या घातलेल्या नावेवर बसला होता. साठीकडं झुकलेला, काळाशार, कमी बोलणारा माणूस. शिरोळ तालुक्यातल्या या गावात भोयांची चारच घरं, आणि त्यांतला नदीवर पोट भरणारा हा शेवटचा. त्यानं पायाशी येऊन पडलेली एक मरळ उचलली, अंगठ्यानं तिचं पोट दाबलं. अंड्यांची पिवळी गाभोळी बाहेर आली.

"दीड म्हैना," तो म्हणाला. "दीड म्हैन्यानं पाऊस लागला असता, की ह्या वड्यात चढल्या असत्या. आता पुढच्या साली काय न्हाय. त्याच्या पुढच्या सालीबी न्हाय."

"वरनं कारखान्यानं मळी सोडली जनू," ती म्हणाली.

"आन् काय?"

"आपण चार घिऊया का? जित्या हायत अजून. बाजार गाठती मी."

ज्ञानूनं नुसतं तिच्याकडं बघितलं. तीस वर्षं ती आठवड्याच्या बाजारात मासे घेऊन बसत होती. गिऱ्हाइकानं विचारलं, तर कोणता मासा कोणत्या डोहातला ते सांगत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

एवढ्यात गणपतराव मोटारसायकलवरून आले. गावचे सरपंच, कारखान्याला तीनशे टन ऊस घालणारे. मळीचा वास त्यांनाही आला असणार. पण त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. "काय ज्ञानू, आज तुला सुट्टीच की!" असं म्हणून ते हसले, आणि कुणीतरी पुढं केलेला एक मोठा कटला हँडलला अडकवून गेले.

दोन दिवसांनी मासे कुजायला लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी बंधाऱ्यातले पाणी अडवणारे बरगे काढले. पाणी धडधडत खाली गेलं, मेलेले मासे घेऊन गेलं, आणि वरून नवं पाणी आलं. दुपारी कोल्हापूरहून प्रदूषण खात्याची सरकारी जीप आली तेव्हा नदी बऱ्यापैकी निवळली होती.

जीपमधून उतरलेल्या साहेबांचं नाव गुरुपाद हिरेमठ. तिशीतला, चष्मेवाला, सीमेकडचा माणूस. मराठी बोलताना मध्येच कन्नडचा हेल यायचा. त्यांनी दोन बाटल्यांत पाणी भरून घेतलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मला कळतंय, उशीर झालाय. पाण्यात काही सापडेल असं वाटत नाही. पण मासे मेलेत हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. पंचनामा करू. दोन तरी पंच द्या मला."

पारावर वीस-पंचवीस माणसं होती. सगळी एकमेकांकडं बघायला लागली.

"सायेब, आमी त्या दिशी गावात न्हवतो," एकजण म्हणाला.

"ऊस तिथंच घालायचा हाय आमाला," दुसरा सरळ म्हणाला.

गणपतराव खुर्चीवर बसले होते. "उन्हानं मेले असतील, सायेब. पाणी केवढं आटलंय बघताय न्हवं?"

हिरेमठांनी कागद मांडीवर ठेवला. त्यांची मान खाली गेली. चिमणाबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिला त्या माणसाची कीव आली असं ती पुढं कधीतरी म्हणाली. त्या घटकेला मात्र ती एवढंच म्हणाली, "आमी करतो सही."

ज्ञानूनं अंगठा उठवला. तिनं पेन मागितलं. सहा वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचे वर्ग भरले होते, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बसून ती लिहायला शिकली होती. वर्गातल्या बहुतेक बायका सहीपुरतं शिकून थांबल्या. ती मात्र पुढं वाचायलाही लागली. एसटीच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, आलेल्या लग्नपत्रिका. तिनं पारावर कागद ठेवला आणि पदर खोचून एकेक अक्षर काढलं. चिमणाबाई ज्ञानू भोई. वरची रेघ शेवटी, एका दमात मारली.

"वाचून दाखवू का काय लिहिलंय ते?" हिरेमठांनी विचारलं.

"वाचलं मी," ती म्हणाली. "खरं हाय त्येच लिवलंय."

त्या दिवशी संध्याकाळी तिचा मुलगा आकाराम घरी आला तो सायकल भिंतीवर आपटूनच. आकाराम कारखान्यात बॉयलरवर रोजंदारीला होता. तीन हंगाम झाले होते आणि या वर्षी त्याला कायम करणार असं बोललं जात होतं. बायको निर्मला चार महिन्यांची गरोदर होती.

"आई, कुणी सांगितलंतं तुला फुडं फुडं करायला?"

"काय झालं?"

"काय झालं? गेटवरच थांबवलं मला. टायमकीपर म्हणतोय, तुझी आई कारखाना बंद पाडाय निघालीया, तू कशाला येतोस कामाला? दोनशे मान्सं हुती नदीवर. एकाची सही न्हाय. गावात तू एकटीच शानी व्हय?"

"खोटं न्हाय लिवलं आमी," ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता तिथूनच म्हणाला.

"खऱ्याला काय जाळायचंय, दादा?" आकाराम बापाकडं वळला. " मासं मेलं. मेलं ते मेलं. त्या जाळ्यावर माझं पोरगं जगणार हाय?"

निर्मलानं ताट आणून ठेवलं, आकाराम न जेवताच उठला. त्यानंतर चार दिवस तो घरात कुणाशी बोलत नव्हता. सकाळी बाहेर पडायचा, कुठं जायचा ते सांगायचा नाही. पाचव्या दिवशी आला तो शांत होऊन. हातपाय धुऊन आईजवळ बसला आणि चुलीकडं बघत म्हणाला, "मिटलं. बोललो मी सायबाशी. सोमवारपासनं जातोय कामावर."

"देवच पावला," चिमणाबाई म्हणाली. तिनं त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी गोडाचं केलं. मुलगा चुलीकडंच का बघत होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

श्रावणात पोस्टमननं एक लखोटा आणून दिला. चिमणाबाईनं उंबऱ्यावर बसून तो वाचला. चौकशीसाठी कोल्हापूरला कचेरीत हजर राहावं, असं लिहिलं होतं. दोघं सकाळच्या एसटीनं निघाली. ज्ञानूनं धुतलेलं धोतर आणि पटका घातला होता. एसटीत तो एकदाच बोलला. "हिरेमठ सायेब मानूस चांगला हाय. त्येंच्याफुडं सगळं सांगायचं. बरग्यांचंबी सांगायचं."

हिरेमठ साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या टेबलामागं दुसरे साहेब होते. वाईट नव्हते, त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, शिपायाकडून पाणी आणवलं. मग फाइल उघडली.

"पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, मावशी. काही सापडलं नाही."

"सायेब, त्ये पानी नवं हुतं," ज्ञानू म्हणाला. "बरगं काडलं हुतं त्याच दिशी..."

"बरं, ते लिहून घेतो. पण दुसरी एक गोष्ट आहे." साहेबांनी एक कागद वेगळा काढला. ज्ञानूकडं बघत ते जरा अडखळले. "गावातून एक निवेदन आलंय. त्यांचं म्हणणं, तुम्ही लोकांनीच मासे धरायला नदीत ब्लिचिंग पावडर टाकली. त्यानं मासे मेले. तेरा सह्या आहेत."

ज्ञानूला क्षणभर कळलंच नाही. मग तो उभा राहिला. "आमी? आमी इख घातलं?"

"बसा, बाबा, बसा. मी म्हणत नाही. कागद म्हणतोय."

"बगू," चिमणाबाई म्हणाली. साहेबांनी कागद तिच्यापुढं सरकवला. तिला वाचता येतं याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. तिनं बोट ठेवून सह्या वाचायला सुरुवात केली. पहिली गणपतरावांची, मोठी, खाली दोन टिंबं दिलेली. मग तिच्या ओळखीची एकेक नावं. तानाबाईच्या नवऱ्याची सही वाचताना तिला त्या दिवशीचा माशांनी भरलेला ओचा दिसला. ती खाली खाली गेली. अकरा. बारा. तेराव्या नावावर तिचं बोट थांबलं.

आकाराम ज्ञानू भोई.

तिनं ते परत वाचलं. अक्षर त्याचंच होतं. चौथीत असताना 'र'चा पाय लांब ओढतो म्हणून मास्तरांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. तो पाय अजून तसाच लांब होता. बापाचं नाव त्यानं नीट, सावकाश लिहिलं होतं.

"कुणाकुणाच्या हायत सह्या?" ज्ञानूनं विचारलं. "नावं तर सांग."

"गावातल्याच," ती म्हणाली. "सगळ्या गावातल्याच हायत."

तिनं बोट उचललं आणि कागद उलटा करून साहेबांकडं दिला. साहेबांनी तो सरळ केला, शेवटच्या ओळीवरून नजर फिरवली, मग पंचनाम्यावरचं ज्ञानूचं नाव बघितलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. ते हळूच म्हणाले, "मावशी, हे खोटं आहे असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लिहून द्या. मग या तेराही जणांना बोलावून जबाब घ्यावे लागतील. एकेकाला."

खिडकीबाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. चिमणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"सांग की," ज्ञानू म्हणाला. "बोलव म्हनावं सगळ्यास्नी. त्येंच्या तोंडावर इचारतो मी."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"काय ऱ्हाऊ दे? इख घातलं म्हनत्यात आपल्याला!"

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं? सायेब, आमाला काय म्हणायचं न्हाय."

साहेबांनी तसं लिहिलं. तिनं खाली सही केली. ज्ञानूनं अंगठा द्यायला नकार दिला आणि तो बाहेर निघून गेला. ती त्याच्या मागून स्टँडवर पोचली तेव्हा तो फलाटाच्या कडेला उकिडवा बसला होता. परतीच्या वाटेवर त्यानं तिला एकदाही काही विचारलं नाही. तिलाही वाटलं, विचारलं तर बरं, आणि नाही विचारलं तरी बरं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर ज्ञानू गेला की कुणीतरी म्हणायचं, "पावडर हाय का शिल्लक?" बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. बंधाऱ्यावर मासे धरायचा पुढच्या वर्षीचा ठेका परगावच्या माणसाला गेला. धरायला तसंही काही उरलं नव्हतं. ज्ञानूनं नाव एका वाळूवाल्याला देऊन टाकली आणि दिवसभर घराच्या मागच्या बाजूला, जिथून नदी दिसत नाही, तिथं बसायला लागला. चिमणाबाई बोलायला गेली की तो "व्हय" किंवा "न्हाय" म्हणायचा. त्याला वाटत होतं बायको ऐन वेळी घाबरली. तिनं ते तसंच वाटू दिलं.

आकारामला दसऱ्याच्या आधी मुलगी झाली आणि दिवाळीच्या आधी तो कायम झाला. त्यानं पेढे आणले. पहिला देवापुढं ठेवला, दुसरा बापाच्या हातावर. ज्ञानूनं तो खाल्ला. मग आकाराम आईकडं आला. पुडा पुढं करून तो उभाच राहिला.

"आई, तुला एक सांगायचं हुतं. त्या टायमाला मला..."

"पोरगी रडतीया," चिमणाबाई म्हणाली. "घे जा तिला."

तो पुडा कट्ट्यावर ठेवून आत गेला. तिनं तो झाकून फडताळात ठेवला, मुंग्या लागू नयेत म्हणून.

माघात ज्ञानू गेला. आजार असा काही नव्हता. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सांगितलं. रक्षा नदीत सोडायला आकाराम उतरला तेव्हा पाणी पुन्हा काळं पडत चाललं होतं. त्या वर्षी मासे वर आले नाहीत. वर यायला खाली कुणी नव्हतं.

फाल्गुनात चिमणाबाई बायकांच्या टोळीतून गणपतरावांच्या उसात तण भांगलायला गेली. घरात बसून मुलाच्या ताटातलं खाणं तिला जमेना. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. टोळीतल्या बायकांनी सरकून तिला एक सरी दिली. जन्मभर तिनं खवलं काढणारी सुरी चालवली होती. खुरपं तिच्या हातात नीट बसत नव्हतं. बाकीच्या बायका सरी संपवून परत फिरल्या तरी ती मध्यावरच होती. उसाचे कोंब वीतभर वर आले होते आणि तणाचं पातंही तसंच हिरवं, तसंच धारदार होतं.

शेजारच्या सरीतली राजनंदिनी, कॉलेजच्या सुट्टीत आईबरोबर आलेली मुलगी, थांबून बघायला लागली.

"आज्जी, थांबा, थांबा! त्यो ऊस हाय."

चिमणाबाईनं हातातलं पातं बघितलं. कोंब मुळापासून कापला गेला होता.

"असू द्या, एकादा जातोच," मुलगी म्हणाली. "मुळात खुरपं असं आडवं धरायचं. हे बघा." आणि तिनं चिमणाबाईची बोटं धरून मुठीवर नीट बसवली.

मुलगी पुढं गेली. चिमणाबाईनं बोटानं मातीत भोक पाडलं, कापलेला कोंब त्यात उभा केला आणि दोन्ही हातांनी माती दाबली. सरीतलं ओंजळभर पाणी घालून तिनं तो सरळ राहतो का ते बघितलं. मग खुरपं आडवं धरून ती पुढच्या तणाकडं सरकली.